पिशवी भरण्याआधी प्रश्नपत्रिका उघडा

श्रोतेहो, दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘पुढे काय करणार?’ आणि त्याचे उत्तर ठरले की लगेच दुसरा, ‘मग पुस्तके कोणती घ्यायची?’ इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचे असेल तर या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला नात्यात, शेजारीपाजारी कोणी ना कोणी असते. एखाद्या मावसभावाची पुस्तके तशीच्या तशी मिळतात. कायद्याचे तसे नाही. घरात वकील नसेल, तर प्रवेश परीक्षा नेमकी कोणती, ती कोण घेते आणि तिच्यासाठी काय वाचायचे, हेच कळायला सहा महिने जातात. आणि घरात वकील असले, तरी त्यांच्या वेळी अशी परीक्षा नव्हती.

कायद्याच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवले. त्यामुळे जून-जुलैमध्ये पालक आणि मुले माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या हातात कोणीतरी दिलेली पुस्तकांची यादी असते. कधी ती पंधरा पुस्तकांची असते, कधी पंचवीस. काही जण यादी घेऊन येत नाहीत, पुस्तकेच घेऊन येतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एका फेरीत आणलेली ती भरगच्च पिशवी टेबलावर ठेवून वडील विचारतात, “सर, एवढ्यात होईल ना?” त्या पिशवीसाठी घरातला दुसरा कोणता तरी खर्च पुढे ढकललेला असतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर बोलायचे आहे. मला सांगायची आहे ती गोष्ट एकच: आधी प्रश्नपत्रिका पाहा, मग पुस्तके घ्या. आपल्याकडे नेमके उलटे होते.

प्रथम परीक्षा कोणत्या आहेत ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा असेल, तर महाराष्ट्रातल्या मुलांसमोर प्रामुख्याने दोन परीक्षा असतात. पहिली ‘क्लॅट’. देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ही सामाईक परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, फी वेगळी आणि गावही वेगळे असे. सुरुवातीला सात विद्यापीठे एकत्र आली होती. आज ती वीसहून अधिक आहेत, आणि त्यांत आपल्या राज्यातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील तीन महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठेही येतात. पूर्वी ही परीक्षा दरवर्षी वेगळे विद्यापीठ घेत असे. २०१७ मध्ये या विद्यापीठांनी आपला संघ, म्हणजे कन्सॉर्शियम, स्थापन केला आणि आता परीक्षा तो संघ घेतो. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र यात नाही. त्याची ‘आयलेट’ ही परीक्षा स्वतंत्र आहे.

दुसरी परीक्षा आपल्या राज्याची, ‘एमएच सीईटी लॉ’. ती २०१६ पासून होते. पुण्याचे आयएलएस किंवा १८५५ मध्ये सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय अशा नावाजलेल्या संस्थांपासून तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापर्यंत प्रवेशाचा रस्ता या परीक्षेतून जातो. पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठीही राज्याची सीईटी आहे, पण तिची प्रश्नांची विभागणी वेगळी असते. आज मी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दलच बोलणार आहे.

या दोन्ही परीक्षा एकाच तयारीत उरकतील, असे सर्रास सांगितले जाते. ते निम्मेच खरे आहे. क्लॅटमध्ये १२० प्रश्न, १२० मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. पेपर इंग्रजीतच असतो. साधारण वीस टक्के प्रश्न इंग्रजीचे, पंचवीस टक्के चालू घडामोडी व सामान्यज्ञानाचे, पंचवीस टक्के कायदेविषयक तर्काचे, वीस टक्के तर्कशक्तीचे आणि दहा टक्के गणिताचे. राज्याच्या सीईटीतही अलीकडच्या स्वरूपात १२० प्रश्न आणि दोनच तास असतात, पण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात, आणि ते बरेचसे सुटे, थेट असतात. एकीत लांब उतारा वाचून विचार करायचा, दुसरीत पटकन प्रश्न ओळखून उत्तर द्यायचे. विषयांची नावे तीच असली, तरी त्यांसाठी लागणारा सराव वेगळा आहे. म्हणून पहिले काम पुस्तकाच्या दुकानात जाण्याचे नाही. आपण कोणती परीक्षा मुख्य मानणार आहोत, हे घरात बसून ठरवण्याचे आहे.

आता क्लॅटचा पेपर आत शिरून पाहू. २०२० पासून या परीक्षेचे रूप पालटले. त्याआधी २०० सुटे प्रश्न असत. अमुक पुरस्कार कोणाला मिळाला, या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, या लॅटिन संज्ञेचा अर्थ काय, अशा प्रकारचे. आता जवळजवळ सगळे प्रश्न उताऱ्यावर असतात. एक उतारा साडेचारशे शब्दांच्या आसपास आणि त्यावर पाच-सहा प्रश्न. एका पेपरात असे वीस-बावीस उतारे धरा. गणिताचे उतारे लहान असतात, ते सोडले तरी नऊ-दहा हजार शब्दांचे इंग्रजी वाचन झाले. आपल्या वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावरचे दहा-बारा लेख एका बैठकीत वाचण्याइतके हे काम आहे. मिनिटाला दोनशे शब्द या वेगाने वाचले, तर दोन तासांतली पाऊणएक तासाहून अधिक वेळ नुसती उतारे वाचण्यातच जाते. उरलेल्या वेळात १२० प्रश्न वाचायचे आणि सोडवायचे. हा हिशेब एकदा समजला, की पंचवीस पुस्तकांच्या यादीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. ही परीक्षा पाठांतराची नाही, वाचनाची आहे. पुस्तक वाचन वाढवणार असेल तर उपयोगाचे, नुसती यादी पाठ करायला लावणार असेल तर या परीक्षेसाठी ते बिनकामाचे.

कायदेविषयक तर्क म्हणजे काय, याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. मुलांना वाटते, कायद्याची कलमे पाठ हवीत. प्रत्यक्षात नियम उताऱ्यातच दिलेला असतो. एक उदाहरण देतो, ते मी स्वतः तयार केलेले आहे. समजा उताऱ्यात असे सांगितले आहे: ‘दुकानात किंमत लावून वस्तू मांडणे हा विक्रीचा प्रस्ताव नसतो. ते ग्राहकाला प्रस्ताव करण्यासाठी दिलेले निमंत्रण असते. ग्राहक वस्तू मागतो तेव्हा प्रस्ताव होतो, आणि दुकानदाराने तो स्वीकारला तरच करार होतो.’ पुढे घटना अशी: कोल्हापुरात एका दुकानात चपलांच्या जोडावर २५०० ऐवजी चुकून २५० रुपयांची चिठ्ठी लागली. ग्राहकाने २५० रुपये पुढे केले. दुकानदार म्हणाला, ‘ही चिठ्ठी चुकीची आहे, या किमतीला देणार नाही.’ तर करार झाला का?

वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मी मुले म्हणतात, ‘झाला. लिहिली ती किंमत घेतलीच पाहिजे.’ एखादा हुशार मुलगा ग्राहक संरक्षण कायद्याचे नाव घेतो. दोघांचीही उत्तरे परीक्षेच्या दृष्टीने चूक. दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाने प्रस्ताव केला, दुकानदाराने तो स्वीकारला नाही, म्हणून करार झाला नाही. इथे बाहेरचे ज्ञान मदतीला आले नाही, उलट आडवे आले. कायद्याची जाडजूड पुस्तके वाचून परीक्षेला बसलेली मुले याच ठिकाणी अडखळतात. ज्याने समोरचा नियम नीट वाचला आणि तेवढाच लावला, त्याला गुण मिळतात. परीक्षा घेणारेही हेच सांगतात की कायद्याचे आधीचे ज्ञान असण्याची अपेक्षा नाही.

म्हणून नवख्या विद्यार्थ्याचे पहिले अभ्याससाहित्य म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका. क्लॅटच्या कन्सॉर्शियमच्या अधिकृत संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना प्रश्नपत्रिका असतात. घरी इंटरनेट नसेल तर सायबर कॅफेतून किंवा शाळेच्या संगणकावरून त्या छापून आणा. खर्च झाला तर झेरॉक्सचा. काहीही अभ्यास न करता, घड्याळ लावून, रविवारी सकाळी एक प्रश्नपत्रिका सोडवायला बसा. गुण कमी पडतील, पडू देत. डॉक्टर आधी तपासतो आणि मग औषध लिहून देतो. हा पेपर म्हणजे ती तपासणी आहे.

पेपर तपासल्यावर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहा. माझ्या अनुभवात कारणे पाचच असतात. पहिले, शब्द अडला. दुसरे, उतारा समजला पण प्रश्न घाईत वाचला. तिसरे, दोन पर्यायांत घोटाळा झाला. चौथे, माहितीच नव्हती. पाचवे, वेळ संपली. प्रत्येक दुखण्याचे औषध निराळे आहे. शब्द अडत असतील तर वाचन वाढवायला हवे आणि शब्दकोश हाताशी हवा. प्रश्न घाईत वाचला जात असेल, तर त्यावर कोणतेही पुस्तक नाही, फक्त सवय आहे. दोन पर्यायांत घोटाळा होत असेल तर तर्कशक्तीच्या सरावाचे पुस्तक घ्या. माहिती नसेल तर चालू घडामोडींकडे लक्ष द्या. आणि वेळ पुरत नसेल, तर नवे पुस्तक घेणे हाच सर्वांत मोठा अपव्यय. त्या मुलाला सराव परीक्षा हव्यात. हे निदान न करता पिशवी भरली, की ज्याला चष्मा हवा त्याला आपण खोकल्याचे औषध पाजतो.

आता पुस्तक हातात घेऊन ते नवे की जुने, हे कसे ओळखायचे? मुखपृष्ठावर ‘अद्ययावत आवृत्ती’ असे छापलेले असतेच, त्यावर जाऊ नका. आत नमुना प्रश्नपत्रिका उघडा आणि प्रश्न मोजा. २०० प्रश्न असतील तर ते पुस्तक २०२० पूर्वीच्या पद्धतीचे आहे, क्लॅटसाठी ते ठेवून द्या. १५० प्रश्न असतील तर ते २०२० ते २०२३ या परीक्षांच्या काळातले. त्यातले प्रश्न उताऱ्यांवरचे असल्याने सरावाला चालेल, स्वस्तात मिळाले तर जरूर घ्या. १२० प्रश्न असतील तर ते २०२४ च्या क्लॅटपासूनच्या स्वरूपाचे आहे. ती परीक्षा प्रत्यक्षात डिसेंबर २०२३ मध्ये झाली होती. सेकंड हँड पुस्तके घेणाऱ्यांनी ही तीन आकड्यांची खूण पक्की लक्षात ठेवावी.

दुसरी खूण फौजदारी कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. पुस्तकात खुनाच्या शिक्षेसाठी नुसते कलम ३०२ दिले असेल तर ते जुने. नव्या संहितेत ते कलम १०३ आहे. फसवणुकीचे ४२० आपल्या बोलण्यात कायमचे राहील, पण नव्या कायद्यात त्यासाठी कलम ३१८ पाहावे लागते. राज्याच्या सीईटीत कायद्याची माहिती थेट विचारली जाऊ शकते, तेव्हा तिथे जुन्या पुस्तकाने सरळ गुण जातात.

पुस्तके जुनी होण्याचा हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशासाठी ‘एलसॅट’ ही परीक्षा १९४८ पासून घेतली जाते. तिच्यात अनेक दशके कोड्यांचा एक विभाग असे. अमुक माणूस तमुकच्या शेजारी बसत नाही, तर कोण कुठे बसेल, अशा धर्तीचा. त्या विभागासाठी जाडजूड पुस्तके निघत आणि खपत. ऑगस्ट २०२४ पासून तो विभागच परीक्षेतून काढून टाकला. ज्यांनी ती पुस्तके आदल्या वर्षी घेतली, त्यांची ती कपाटात राहिली. इकडची मुले पुढील शिक्षणासाठी तिकडे जायचा विचार करत असतील, तर त्यांनाही हाच नियम लागू: आधी परीक्षेचे आजचे स्वरूप, मग खरेदी.

आता विषयवार पाहू. इंग्रजीसाठी मुले शब्दसंग्रहाच्या पुस्तकामागे लागतात. नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड इझी’ १९४९ पासून खपते आहे आणि पुस्तक चांगलेच आहे. पण रोज वीस शब्द पाठ करून उतारा समजत नाही. शब्द वाक्यात भेटला तर तो लक्षात राहतो. म्हणून रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र आणि त्यातला एक अग्रलेख. वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे काय, हे दोन वाक्यांत स्वतःच्या वहीत लिहायचे, मराठीत लिहिले तरी चालेल. हीच इंग्रजीची आणि बऱ्याच अंशी तर्कशक्तीचीही तयारी आहे.

चालू घडामोडींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. क्लॅटमध्ये या विभागातही उतारा असतो, पण सर्व उत्तरे त्या उताऱ्यात नसतात. उतारा फक्त विषय दाखवतो. उदाहरणार्थ, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली. या निकालावर उतारा आला, तर योजना कधी आली, घटनेच्या कोणत्या अनुच्छेदाचा भंग झाला असे न्यायालय म्हणाले, असेही प्रश्न येऊ शकतात. त्यामुळे बातमी नुसती पाठ करून भागत नाही, तिची मागची-पुढची गोष्ट माहीत हवी. त्यासाठी बाराशे एकोळी प्रश्नांच्या पुस्तकापेक्षा एक दोनशे पानी वही अधिक कामाची. वर्तमानपत्रात महत्त्वाचा विषय आला की वहीत एक पान त्याच्या नावे करायचे: काय झाले, का झाले, आधी काय होते, कोण कोण संबंधित. वर्षाअखेरीस ती वही म्हणजेच तुमचे पुस्तक. उजळणीसाठी एखादे चांगले मासिक घ्यायचे तर एकच घ्या, आणि ते महिन्याच्या महिन्याला वाचून संपवा.

गणिताचे सर्वांत सोपे. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, क्षेत्रफळ, एवढ्यात बहुतेक काम होते आणि पातळी दहावीची असते. बालभारतीची आठवी ते दहावीची पुस्तके तुमच्या माळ्यावर असतील, ती खाली काढा. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आलेख आणि तक्ते वाचण्याचा सराव मात्र मुद्दाम करा, कारण आकडे माहितीच्या उताऱ्यात गुंडाळून दिलेले असतात. नागरिकशास्त्र आणि संविधानासाठी एनसीईआरटीची अकरावीची राज्यशास्त्राची पुस्तकेही संकेतस्थळावर मोफत आहेत.

तर्कशक्तीत दोन्ही परीक्षांचा फरक सर्वांत ठळक दिसतो. नातेसंबंध, दिशा, संख्यामालिका, सांकेतिक भाषा या प्रकारचा सराव राज्याच्या सीईटीसाठी हवा. क्लॅटमध्ये आता भर आहे तो युक्तिवाद समजण्यावर: लेखकाने काय गृहीत धरले, कोणत्या माहितीने त्याचे म्हणणे दुबळे होते, निष्कर्ष कोणता निघतो. एकच जाड पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सोडवत बसण्यापेक्षा, आपल्या परीक्षेला लागणारी प्रकरणे अनुक्रमणिकेत खुणावून तेवढीच सोडवा.

म्हणजे विकत काय घ्यायचे? रोजचे इंग्रजी वर्तमानपत्र, एक चांगला शब्दकोश, कायदेविषयक तर्क आणि सर्वसाधारण तर्कशक्तीचे प्रत्येकी एक पुस्तक, आणि नंतर एक सराव परीक्षांचा संच. बाकी प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तके, माहितीपुस्तिका हे सारे मोफत आहे. क्लॅटच्या अर्जाची फीच काही हजारांत जाते, तेव्हा हा खर्च वाचवणे मोलाचे आहे.

सराव परीक्षांबद्दल थोडे. त्या लगेच घेऊ नका. पायाचे वाचन दोन-तीन महिने झाल्यावर घ्या. घेण्याआधी तिचा एक मोफत पेपर सोडवून खऱ्या प्रश्नपत्रिकेशेजारी ठेवा. उतारे तेवढेच लांब आहेत का? उत्तराचे कारण दिले आहे, की नुसते ‘ब’ छापले आहे? कारण दिलेले नसेल तर तो संच नको. चुकलेले उत्तर का चुकले हे कळले नाही, तर शंभर पेपर सोडवूनही गुण तिथेच राहतात. आठवड्याला एक पेपर आणि त्याच्या तपासणीला दोन दिवस, ही गती पुरेशी आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांना मला वेगळे सांगायचे आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत तीच जास्त असतात. क्लॅट इंग्रजीत आहे म्हणून अर्धी मुले अर्जच भरत नाहीत. ही परीक्षा इतर भारतीय भाषांतही व्हावी ही मागणी न्यायालयापर्यंत गेलेली आहे, आणि ती रास्त आहे असे माझे मत आहे. पण ते होईपर्यंत थांबता येणार नाही. यासाठी एक साधी युक्ती. एकच बातमी आधी मराठी वर्तमानपत्रात वाचा, मग त्याच दिवशीची तीच बातमी इंग्रजीत वाचा. विषय डोक्यात आधीच बसलेला असतो, त्यामुळे इंग्रजी वाक्याचा अर्थ लागत जातो आणि ‘याचिका’, ‘अंतरिम स्थगिती’, ‘घटनापीठ’ या शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द आपोआप कळतात. पहिला महिना कंटाळवाणा जातो. तिसऱ्या महिन्यात मुले मराठी बातमी न वाचताच इंग्रजी उघडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. जोडीला राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, हा दुसरा दरवाजा उघडाच आहे.

वेळापत्रकही खरेदीशी जोडलेले आहे. अलीकडे क्लॅट डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या आधी. बारावीत असणाऱ्याची दिवाळी संपली की तयारीही संपत आलेली असते. राज्याची सीईटी मात्र बोर्डानंतर, उन्हाळ्यात येते. त्यामुळे जूनमध्ये क्लॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सप्टेंबरपासून सराव परीक्षा आणि बोर्डाचे पेपर झाल्यावर सीईटीची थेट प्रश्नांची पुस्तके, असा क्रम ठेवा. सगळे एकदम आणले तर निम्मे न उघडताच राहते. परीक्षेच्या तारखा आणि स्वरूप दरवर्षी अधिकृत माहितीपुस्तिकेतच पाहावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

पालकांनाही दोन शब्द. शिकवणी लावायची की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. चांगल्या शिकवणीने शिस्त लागते, हे खरे. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. अभ्याससाहित्य कोणत्या वर्षाच्या पद्धतीवर आहे? मुलाचे पेपर कोण तपासणार आणि चुका कोण समजावणार? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील का, आणि ते लिहून देणार का? उत्तर तोंडी आणि गोलमोल मिळाले तर घरी परत या. पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेल्या सोळा पुस्तकांच्या पेटीने कोणी वकील होत नाही. परिस्थिती बेताची असलेल्या हुशार मुलांसाठी ‘इडिया’ नावाचा उपक्रम आहे. प्रा. शमनाद बशीर यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. प्रा. बशीर २०१९ मध्ये गेले, पण वंचित घरांतील मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत पोहोचवण्याचे त्यांचे काम विधी विद्यापीठांचे विद्यार्थी पुढे नेत आहेत. त्याची चौकशी जरूर करा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र येते का, तेही पाहा. येत नसेल तर ग्रंथपालांना अर्ज द्या. चार मुलांनी मिळून मागितले, तर बहुधा ते सुरू होते.

श्रोतेहो, ही परीक्षा ज्या व्यवसायाचे दार उघडते, त्या व्यवसायात पुढची चाळीस वर्षे हेच करायचे असते. कोणीतरी कागदांचा गठ्ठा समोर ठेवतो. तो शांतपणे वाचायचा, नियम कोणता ते शोधायचे आणि समोरच्या माणसाच्या प्रश्नाला तो लावून दाखवायचा. तेव्हा प्रवेश परीक्षेसाठी रोज एक तास केलेले वाचन वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही. परीक्षेत जागा मिळाली नाही, तरी ते जवळ राहते. येत्या रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका छापून आणा, घड्याळ समोर ठेवा आणि बसा. कोणते पुस्तक घ्यायचे, ते तीच सांगेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)